होडी वर घ्यायच्या आधी

"सुरेखा, तू कंपनीत माणसं कामावरून काढतेस ना?"

हिरामावशीनं हा प्रश्न आमच्या सरावलीच्या घराच्या ओट्यावर टेकता टेकता विचारला. अजून पाणीसुद्धा प्यायली नव्हती. मी तिच्यासमोर इस्त्रीचा कुर्ता घालून, केस नीट बांधून, कुठेही न जाण्यासाठी तयार होऊन बसले होते. माझी स्वतःची नोकरी त्याच आठवड्यात गेली होती, आणि ते मावशीला माहीत नव्हतं.

"काढते म्हणजे, ठेवते पण," मी म्हणाले.

"ठेवायचं मला येतं गो. काढायचं सांग."

मी तलासरीच्या पुढे हायवेला लागून असलेल्या एका पॅकेजिंगच्या कारखान्यात HR मॅनेजर होते. लोकांना वाटतं HR म्हणजे वाढदिवसाचा केक आणि दिवाळीची मिठाई. तेही असतं. पण माणूस कामावर येतो तेव्हा त्याच्या सह्या घेणारं आणि जातो तेव्हाही त्याच्या सह्या घेणारं टेबल म्हणजे HR. जाण्याला आमच्याकडे 'सेपरेशन' म्हणतात. साध्या मराठीत नारळ देणे. आमच्या कंपनीत नारळही देत नसत.

या सेपरेशनची एक ठरलेली पद्धत असते. माणसाला आधी कळू द्यायचं नाही. दिवसाचं काम पूर्ण होऊ द्यायचं. मग एकेकाला बोलवायचं, दोघांना एकत्र कधीच नाही. थोडक्यात सांगायचं, कारणांच्या वादात पडायचं नाही. तो समोर बसलेला असतानाच त्याचा कॉम्प्युटर बंद करायचा, कार्ड परत घ्यायचं आणि सिक्युरिटीनं त्याला गेटपर्यंत सोडायचं. ऐकायला कठोर वाटतं, पण त्यामागे हिशेब आहे. नोकरी गेली हे ज्याला कळलंय त्याच्या हातात मशीन ठेवायचं नाही, कारण तो रागात काय करील याचा नेम नाही. हे शिक्षण मी घेतलं होतं, पुढे दुसऱ्यांना दिलंही होतं.

माझ्या वेळी सगळं तस्सं झालं. मुंबईच्या हेड ऑफिसमधून व्हिडिओ कॉल आला. पलीकडची मुलगी मी कधी पाहिलेली नव्हती. ती थोडक्यात बोलली, कारणांत शिरली नाही. मी "समजलं" म्हणेपर्यंत माझा लॅपटॉप बंद पडला. फॅक्टरी मॅनेजर, ज्यांच्याबरोबर मी इतकी वर्षं डबा खाल्ला होता, ते केबिनचे पडदे ओढून आत बसून राहिले. गेटवर रामशंकरनं माझं कार्ड घेतलं. त्याला मीच कामावर घेतलं होतं. "मॅडम, सॉरी," म्हणाला आणि दुसरीकडे बघत राहिला. कंपनीची चूक काढायला जागा नव्हती. पद्धत मीच लिहिलेली होती.

घरी आल्यावर मी ही गोष्ट फक्त नवऱ्याला, प्रकाशला सांगितली. तो तलासरीला शाळेत शिकवतो. "लोका सांगे ब्रह्मज्ञान," असं काहीतरी बोलून त्यानं मला हसवायचा प्रयत्न केला, आणि मग बराच वेळ माझा हात धरून बसला.

नोकरी गेल्यानंतरच्या पहिल्या दिवसांबद्दल मी कर्मचाऱ्यांना सल्ले दिले होते. नियमित झोपा, व्यायाम करा, बायोडाटा अपडेट करा. प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. कंपनीची बस सकाळी नाक्यावर हॉर्न देते आणि आपला हात पर्सकडे जातो. बस गेल्यावर घर एवढं शांत होतं की फ्रिजचा आवाज ऐकू येतो. फोन वाजत नाही. दिवसभर ज्याच्या कटकटीनं जीव नकोसा व्हायचा तो फोन, आणि आपण तो मधूनमधून उचलून बघतो, बिघडला तर नाही ना. भात दोन माणसांचा लावावा की तीन माणसांचा, एवढ्या निर्णयालाही धीर होत नाही. खायला काळ आणि भुईला भार ही म्हण मी शाळेत पाठ केली होती. ती अशी अंगाला येऊन चिकटेल असं वाटलं नव्हतं.

एका सकाळी डहाणू रोडच्या बाजारात गेले, तर नेहमीच्या फळवाल्यानं विचारलं, "मॅडम, आज सुट्टी?" मी म्हणाले, "हो, रजा घेतलीय." एकदा रजा म्हटलं की ती रजाच धरून बसावी लागते. शेजारणीला रजा, वहिनीला रजा. धाकटी डहाणूपर्यंत ती रजा पोचली होती.

"रजेवर आहेस म्हणे, म्हणून आले," मावशी म्हणाली. "नायतर तू कुठे भेटते."

हिरामावशी माझ्या आईची चुलतबहीण. धाकटी डहाणूत खाडीच्या तोंडाशी तिचं घर. नवरा गेल्यावर होडी तिनंच सांभाळली. समुद्रावर होडी न्यायला नाखवा म्हणून तिचा दीर, आणि हाताखाली चार खलाशी. खलाशी म्हणजे होडीवर जाळी ओढणारे, सगळी अंगमेहनत करणारे लोक. हे चौघे तलासरीकडच्या डोंगरातल्या गावांतले. पावसाळ्यात समुद्र बंद असतो तेव्हा ते आपापल्या घरी भात आणि नाचणी करतात, पाऊस सरला की परत खाली येतात. त्यांच्यातला सगळ्यात जुना लहानू. तो मावशीच्या लग्नानंतर थोड्याच वर्षांनी आला होता.

आता दिराचे गुडघे गेले होते, त्याला होडीत चढवत नव्हतं. मुलगा वापीला नोकरीत, त्याला समुद्राचं नाव नको. मावशीनं होडी विकायची ठरवली होती. उंबरगावकडचा एक घेणारा मिळाला होता. तो पाऊस सरल्यावर होडी नेणार होता, पण त्याची एक अट होती. "माशी, पाणीमां पडी रहेली होडी मारे नथी जोईती," असं त्यानं स्वच्छ सांगितलं होतं. पावसाळ्यात होडी खाडीत राहिली तर तिच्या फळ्या खिळखिळ्या होतात, कधी ती फुटतेच. ती किनाऱ्यावर चढवून, झाकून ठेवली असेल तरच सौदा. मावशीच्या म्हातारपणाची सोय त्या एका होडीत होती, दुसरं तिच्याकडे काही नव्हतं.

"मग अडचण काय?" मी विचारलं.

"चौघांना कसं सांगू, ती अडचण. तू ये आणि सांग. तुझं कामच हाये ते."

मला हसू आलं आणि रडूही आलं. पण खरं सांगायचं तर बरंही वाटलं. कुणीतरी मला कामाचं काहीतरी विचारत होतं. मी पेन घेतलं, खुर्ची पुढे ओढली आणि मॅनेजर झाले.

"मावशी, पहिली गोष्ट, शुक्रवारी सांगायचं. मध्ये शनिवार-रविवार मिळतो, डोकी शांत होतात."

"अमावस्येला उधाणाचं पाणी येतं, होडी तेव्हाच वर चढते. शुक्रवार कुठला आणतेस?"

"बरं. मग होडी वर घ्या आधी. सगळं झाकून-बिकून झालं की शेवटी सांगू. एकेकाला, वेगवेगळं."

"काम करवून घेऊन मग सांगायचं?"

"हो. आधी सांगितलं आणि ते रागानं निघून गेले तर?"

हा प्रश्न मी सहज विचारला नव्हता. त्या किनाऱ्याची रीत मला लहानपणापासून माहीत होती. होडी वर ओढायला पन्नास-साठ माणसं लागतात. सगळा किनारा येतो, एकमेकांच्या होड्या ओढतो, कुणाला बोलवावं लागत नाही. पण पुढच्या दोराला त्या होडीचे स्वतःचे खलाशी असावे लागतात. ते नसले तर त्याचा अर्थ मालक आणि खलाशी यांचं फाटलंय, आणि दुसऱ्याच्या भांडणात हात घालायचा नाही म्हणून किनारा त्या होडीला हात लावत नाही. मग ती होडी पाण्यातच राहते. म्हणजे मावशीनं आधी सांगितलं आणि चौघं उठून गेले, तर होडी गेली, सौदा गेला, सगळंच गेलं.

मावशी आता कुठे पाणी प्यायली. मग म्हणाली, "होडी वर घेतात त्या दिवशी सगळे नाखवे किनाऱ्यावर असतात. पुढच्या साली कोण कोणाच्या होडीवर जाणार ते तिथेच बोलून ठरतं. मी जर नंतर सांगितलं, तर तोवर सगळ्यांची माणसं ठरून गेली. हे पाऊस सरल्यावर डोंगरातनं खाली उतरतील, आणि इथं जागा नाय. मग?"

 आमच्या पद्धतीत हा प्रश्नच येत नसे. गेटच्या बाहेर माणूस गेला की तो आमच्या विषयातून गेला.

तरीही मी तिला एक निवेदन लिहून दिलं. 'व्यवसायाच्या बदलत्या परिस्थितीमुळे नाइलाजास्तव' अशी सुरुवात होती. मी ते वाचून दाखवलं. मावशी शांतपणे ऐकून म्हणाली, "ही भाषा कोण बोलतं गो?"

अमावस्येच्या सकाळी मी धाकटी डहाणूला गेले. खाडीच्या काठावर होड्यांची गर्दी होती. काही वर चढलेल्या, काही पाण्यात आपल्या पाळीची वाट बघत. चुना, डिझेल आणि सुक्या बोंबलाचा वास एकमेकांत मिसळला होता. पाणी अजून लांब होतं, पण भरायला लागलं होतं. दुपारी ते चढून काठाशी येणार, थोडा वेळ तिथे थांबणार आणि परत फिरणार. तेवढ्या वेळातच होडी काठाला लावून वर ओढायची असते.

मावशीच्या घरापुढे झावळ्यांचा मांडव होता. चौघं तिथे बसून ओढायचा दोर तपासत होते. लहानू साठीकडे झुकलेला, काटक, जरा तुसडा. बाकीचे तिघे तरुण. त्यातला जयराम सगळ्यांत बोलका. मावशी चुलीवरचं कालवण उतरवून बाहेर आली. मी घसा साफ केला. बोलायचं मनात जुळवलं होतं. मावशीनं माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं.

"यांना कामाला मी बोलावून आणलं होतं," ती मला म्हणाली. "मीच सांगते."

आणि ती चौघांसमोर उभी राहून म्हणाली, "होडी विकली मी. भावजींना आता चढवत नाय. पुढच्या सालापासून माझ्याकडे काम नाय. तुमचं काय चुकलं म्हणून नाय. आज सगळे नाखवे किनाऱ्यावर हायेत, तुमच्यासाठी मी त्यांच्याशी बोलेन. होडी अजून पाण्यात हाये. ती वर घ्यायची का नाय, ते तुमी ठरवा. नाय घेतलीत तरी माझा राग नाय."

बस, इतकंच. मी शेकडो वेळा अशा खोल्यांमध्ये बसले आहे. पण होडी पाण्यात असताना, सगळं काही समोरच्याच्या हातात असताना, असं सांगणारं माणूस मी पाहिलं नव्हतं.  माझीच पाचावर धारण बसली होती आणि ती मात्र सरळ उभी होती.

 लहानूनं दोर खाली ठेवला. जयराम माझ्याकडे वळला.

"ताई, तुमी कंपनीत माणसं लावता ना? आमाला लावा की तिकडं."

मी तोंड उघडलं. 'बायोडाटा पाठवा, बघते' हे वाक्य जिभेवर तयार होतं. हजारदा वापरलेलं, गुळगुळीत. पण समोर मावशी उभी होती, नुकतीच तसं बोलून मोकळी झालेली.

"माझीच नोकरी गेली," मी म्हणाले. "मागच्या आठवड्यात. मलाच काढलं."

मावशीनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "आणि मला रजा सांगितलीस?"

"हो."

"आणि मी तुला विचारायला आले होते, माणसं कशी काढायची ते." तिनं पदरानं तोंड पुसलं. ती रडते की हसते ते मला कळलं नाही. मला वाटतं तिलाही कळलं नसावं.

तेवढ्यात लहानू उठला. एक शब्द न बोलता तो मांडवाबाहेर पडला. त्याच्यामागे दुसरा, तिसरा. जयराम घुटमळला, मग तोही गेला. होडीच्या बाजूला ते वळलेच नाहीत. सरळ गल्लीत शिरले आणि दिसेनासे झाले.

मी मावशीजवळ गेले. "आता?"

"आता काय. पाणी यायचं थांबतंय का?"

ती मासळी साफ करायला बसली. साफ केलेला एक बोंबील तिनं परत उचलला आणि परत साफ केला. माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? 'मी सांगितलं होतं.' इतकी वर्षं एकच काम केलं की मनाला तशीच वळणं पडतात. पाणी काठाच्या चिखलावर चढत होतं. मावशीची होडी, निळी, जुनी, नांगराच्या दोरावर हलायला लागली होती. आजूबाजूच्या होड्यांवर माणसं जमत होती. मावशीच्या होडीपाशी कुणी नव्हतं. लोकांनी ते बघितलं होतं. बायका आपसात हळू बोलत होत्या आणि आमच्याकडे बघायचं टाळत होत्या, जसं गेटवर रामशंकरनं टाळलं होतं.

पाणी काठाला लागायच्या बेतात असताना पलीकडच्या गल्लीतून आवाज आला. आधी मला वाटलं भांडण आहे. मग माणसं दिसली. पुढे लहानू, मागे पुरुष, बायका, शाळेची पोरं, दाराशी बसून जाळी विणणारे म्हातारेसुद्धा. दुसऱ्या गल्लीतून जयराम तशीच एक रांग घेऊन आला. उरलेले दोघे खालच्या वस्तीतून माणसं घेऊन आले. दरवर्षी ओढायच्या वेळी किनाऱ्यावर असतात तेवढेच हात लागतात. त्या दिवशी चौघांनी घरोघरी जाऊन सांगितलं होतं. मावशीच्या होडीला इतकी माणसं कधीच जमली नव्हती.

लहानू मांडवापाशी येऊन थांबला. चेहरा तुसडाच.

"होडी शेवटची चढते तुझी," तो म्हणाला. "म्हटलं सगळ्यांना सांगावं. आनि मावशे, उपाशीपोटी काय सांगितलंस? जेवून सांगितलं असतं तर काय झालं असतं?"

मावशीनं तोंडाला पदर लावला. 

"रडून दोर ओढला जात नाय," लहानू म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "तुमची नोकरी गेली ना?"

"हो."

"मग हात मोकळे हायेत. या."

त्यानं दोर माझ्या हातात दिला. पुढचा दोर, खलाशांचा. माझ्यापुढे जयराम, मागे लहानू. काथ्याचा जाड, ओला, खरखरीत दोर. होडीखाली चरबी लावलेले ओंडके सरकवले. दोन्ही बाजूंनी माणसं फळ्यांना खांदे लावून उभी राहिली. कुणी कुणाला काही सांगत नव्हतं. ज्याला त्याला आपली जागा माहीत होती.

लहानूनं हाक दिली. सगळ्यांनी ओढलं. होडी हलली नाही.

परत हाक. परत काही नाही. माझे तळवे सोलले. पाणी वर येऊन थांबलं होतं, आता ते कधीही परत फिरणार. तिसऱ्या हाकेला सगळा किनारा एका श्वासात ओरडला, तो आवाज माझ्या बरगड्यांत शिरला, आणि ते एवढं मोठं लाकूड पाण्यातून बाहेर येऊ लागलं. हळू, कुरकुरत, पाणी गाळत. दोर माझ्या हातात जिवंत झाला होता. मी ओढते आहे की ओढली जाते आहे हे मला कळत नव्हतं. आयुष्यात मी पुष्कळ मोठी यंत्रं पाहिली आहेत. शेकडो टनांचे प्रेस चालताना पाहिले आहेत. पण इतकं मोठं काही फक्त माणसांच्या हातांनी जमिनीवर चढताना आणि त्यात माझेही हात असलेले पाहून मी थक्क झाले. मी रडत होते आणि ओरडत होते. कुणाचंही माझ्याकडे लक्ष नव्हतं, आणि तेच फार बरं वाटत होतं.

होडी वरच्या वाळूवर आली, दोन्ही बाजूंना टेकू लागले, आणि माणसं खाली बसली. पाणी परतायला लागलं होतं.

मला वाटलं झालं. झालं नव्हतं. जेवण करून चौघं परत होडीपाशी आले. तळाला चिकटलेल्या शिंपा खरवडायच्या, गोड्या पाण्यानं होडी धुवायची, तेल पाजायचं, मग झावळ्यांनी झाकायची. हे दरवर्षीचं काम. पुढच्या वर्षी होडी त्यांची नव्हती. तरी लहानू तळाखाली उताणा पडून एकेक फळी बोटानं चाचपत होता. मलाही एक पत्र्याची खरवडणी मिळाली. संध्याकाळपर्यंत मी लहानूशेजारी बसून शिंपा काढत होते.

"तुम्हाला भीती नाही वाटत?" मी त्याला विचारलं. "पुढे काय, म्हणून?"

"वाटते ना. माझ्या दोन पोरी लग्नाच्या हायेत."

"मग हे कशाला करता? ती दुसऱ्याला विकली गेलीय."

त्यानं खरवडणं थांबवलं. मी काहीतरी वेडगळ विचारलंय असा त्याचा चेहरा होता. "होडी वर घेतल्यावर शिंपा काढायच्या असतात," तो म्हणाला आणि परत खरवडायला लागला.

दरम्यान मावशी जयरामला घेऊन फिरत होती. एकेका नाखव्यापुढे उभी राहायची. "हा माझा माणूस. याला समुद्र लागत नाय. बोलतो जास्ती, पण कामाला वाघ." असं दुसऱ्याचं, तिसऱ्याचं. कामावरून काढलेल्याला पुढची जागा शोधून देणं याला आमच्या क्षेत्रात आउटप्लेसमेंट म्हणतात. आमच्या कंपनीच्या पॉलिसीत तो शब्द होता. शब्दच होता. मावशीनं अंधार पडायच्या आत तिघांना जागा लावून दिली. लहानूला मात्र कुणी घेईना. वय झालं म्हणाले. लहानूच म्हणाला, "मला नकोच कोनाकडे. मी घरी राहीन आता." मावशीला ते फार लागलं. त्या एका माणसासाठी ती रात्री जेवली नाही.

दुसऱ्या दिवशीही मी गेले, झावळ्या बांधायला. त्या किनाऱ्यावर सगळ्यांना माझी नोकरी गेल्याचं कळलं होतं. कुणी गळा काढला नाही, कुणी धीर दिला नाही. एका म्हातारीनं विचारलं, "कशानं गेली?" मी सांगितलं. ती म्हणाली, "बरं. ती सुंभाची गुंडी दे इकडं." मी ती दिली. नोकरी गेल्यापासून पहिल्यांदा मला त्या रात्री गाढ झोप लागली.

मग बाजारात फळवाल्यानं परत विचारलं, "मॅडम, अजून सुट्टी?" मी म्हणाले, "नोकरी गेली माझी." तो वजन करता करता थांबला. त्याच्याकडून ते त्याच्या घाऊक व्यापाऱ्याला कळलं, व्यापाऱ्याकडून घोलवडकडच्या एका चिकू सुकवणाऱ्या युनिटच्या मालकांना. त्यांना माणसं सांभाळायला कुणीतरी हवं होतं. पगार आधीपेक्षा कमी आहे, बस नाही, केबिनला पंखा आहे. मी 'रजा' धरून बसले असते तर ती नोकरी मला बारा वर्षांनीही मिळाली नसती. नोकरी गेली हे लोकांना कळल्याशिवाय दुसरी मिळत नाही, एवढी साधी गोष्ट मी कधी कुणाला सल्ल्यात सांगितली नव्हती.

लहानू घरी राहिला नाही. पाऊस सरल्यावर धर्मा नाखव्याचा एक खलाशी पळाला, तेव्हा धर्मा स्वतःच लहानूला आणायला तलासरीकडे वर गेला. लहानू म्हणे लगेच निघाला. घरात बसून बायकोशी रोज भांडणं होत होती.

चिकूचा हंगाम उतरला तेव्हा मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, कापणीच्या टेबलावरच्या बायका कमी करायच्यात. शेवटच्या दिवशी संध्याकाळी सांगून टाका. आधी नको. माल खराब करतील."

"आधीच सांगू सर. म्हणजे त्यांना दुसरीकडे बघता येईल. आणि तुम्ही सांगा."

"मी? मग तुम्हाला कशाला ठेवलंय?"

"तुमच्या शेजारी उभं राहायला."

ते माझ्यावर चिडले. दोन दिवस बोलले नाहीत. मग एका सकाळी, काम सुरू व्हायच्या आधी, ते स्वतः टेबलांपाशी गेले.  कसंबसं सांगितलं.  एकीनं डोळे पुसले. मग सुऱ्या उचलल्या आणि शेवटच्या दिवसापर्यंत एक ट्रे खराब झाला नाही.

मालक केबिनमध्ये येऊन पाणी प्यायले.  मग म्हणाले, "त्यातल्या तिघी जणींना पॅकिंगला घेता येईल का, बघा."

तेव्हापासून कुणाला कमी करायचं म्हटलं की ते आधी चार वेळा विचार करतात, कारण सांगायला स्वतः जावं लागतं. आमच्या शास्त्रात याला शब्द नाही. असता तर त्याचं ट्रेनिंग निघालं असतं, आणि सांगायला परत कुणा दुसऱ्यालाच पाठवलं असतं.